चोर गावलो, पुढे काय? दुकानात काम करणाऱ्यांसाठी

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाहेर पाऊस, आत चाकरमानी, आणि प्रत्येकाच्या हातात वीतभर यादी. गेल्या वर्षी त्या गर्दीतून एक गृहस्थ बिल न करता दाराकडे निघाले. उंबऱ्याशी कुणाच्या तरी पोराचा धक्का लागला आणि त्यांची मिटलेली छत्री कलंडली. छत्रीतून अर्ध्या किलोची काजूगरांची तीन पाकिटं आणि तुपाची एक बरणी लादीवर पडली. बरणी प्लास्टिकची, म्हणून फुटली नाही. सगळं मिळून दोन हजार तीनशे दहा रुपयांचा माल.

फोन केल्यावर तासाभराने हवालदार आले. त्यांनी पाकिटं बघितली, त्या गृहस्थांना बघितलं आणि मला म्हणाले, "ताई, सामान गावला मा? मगे आता कित्याक तक्रार करतास? सणाचे दिवस आसत." गृहस्थ दहा मिनिटांत रिक्षात बसून गेले. जाताना छत्री मागायला विसरले नाहीत.

त्या रात्री मला हवालदाराचा फार राग आला होता. नंतर कायदा वाचला, एका ओळखीच्या वकिलांना चार वेळा त्रास दिला, तेव्हा कळलं की हवालदाराचं निम्मं उत्तर कायद्यातच आहे. उरलेला निम्मा कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्यावर अर्जाने मार्ग निघतो. मी वकील नाही. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात नऊ वर्षं काउंटरवर बसते आहे. जे करून बघितलं तेच क्रमाने लिहिते.

आधी शॉर्टेज मोजा

माल कमी भरला की पहिला संशय गिऱ्हाइकावर जातो आणि दुसरा कामावरच्या पोरांवर. दोन्ही घाईचे. आमच्याकडे जे 'गेलं' असं वाटायचं, त्यातलं बरंचसं चोरीत गेलेलंच नव्हतं. पुरवठादाराची पेटी दोन नग कमी यायची. दोनशे ग्रॅमच्या पाकिटावर शंभर ग्रॅमचं बिल लागायचं. पावसाळ्यात दमट होऊन बुरशी धरलेला माल कुणीतरी नोंद न करता मागच्या दारी टाकायचं. उंदीर होतेच. आणि मालकीणबाई घरी जाताना तुपाची बरणी उचलायच्या, ती कुठे लिहायची हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

सगळ्या दुकानाची मोजणी रोज शक्य नाही. पंधरा वस्तू निवडा: लहान, महाग, पटकन खिशात किंवा पिशवीत जाणाऱ्या. आमची यादी अशी आहे: काजूगर, बदाम, तूप, मोठी चॉकलेटं, दाढीची ब्लेडं, डिओ, चेहऱ्याची क्रीमं, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे, केसांचं महाग तेल, आणि अशीच आणखी पाच-सहा. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी एवढंच मोजायचं. गेल्या सोमवारचा शिल्लक माल, त्यात आठवड्यात आलेला मिळवा, विकलेला आणि टाकलेला वजा करा. काजूगरांची चाळीस पाकिटं होती, साठ आली, एक्याऐंशी विकली, दोन टाकली. सतरा उरायला हवीत. फळीवर बारा निघाली, तर पाच गेली.

हे चोपडीत तारखेसह लिहा. दोन महिन्यांनी त्या चोपडीत दिसेल की शॉर्टेज रोजची नाही. आमची जवळजवळ सगळी मे महिना, गणपती, शिमगा आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांतच निघाली. मालकांकडे जादा माणूस मागायचा तर 'फार चोऱ्या होतात हो' या वाक्याने काही होत नाही. 'मे महिन्यात काजू आणि तुपाचे सात हजार गेले' असं चोपडी पुढे ठेवून म्हटलं की मान वर होते.

दुकानाची मांडणी

सर्वांत स्वस्त उपाय आधी सांगते: दाराशी छत्र्यांसाठी बादली. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो येतो तो छत्री घेऊन येतो, आणि अर्धवट मिटलेली छत्री म्हणजे तोंड उघडं असलेली पिशवीच. पायाखालची लादी ओली होते, कुणीतरी घसरेल, हे कारण खरंही आहे आणि कुणाला लागतही नाही. "काकी, छत्री हयच ठेवा, आत निसरडा झालाहा" असं म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. बादली आल्यापासून पावसाळ्यातली आमची तुपाची शॉर्टेज निम्म्यावर आली.

दुसरी जागा फ्रीझरमागची. प्रत्येक दुकानात एक कोपरा असा असतो, जिथे काउंटरवरून फक्त गिऱ्हाइकाचं डोकं दिसतं. तिथे महाग माल ठेवू नका, मीठ आणि पोहे ठेवा. काउंटरवर बसून मान वळवली की पंधरा वस्तूंची फळी दिसायला हवी. मधल्या रॅक चार-साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. वळणावर गोल फुगीर आरसा लावा. पुढच्या रांगेत प्रत्येक वस्तूचे दोन-तीनच नग मांडा, म्हणजे हात फिरला की रिकामी जागा लगेच कळते. पिशव्यांना टोकन द्यायचं ठरवलंत तर सगळ्यांना द्या. मुंबईच्या पाहुण्याला नको आणि कातकरी बाईला हवं, असं केलंत तर तुम्ही चोर शोधत नाही, माणसाचे कपडे बघता. आमच्याकडे छत्रीतून काजू नेणाऱ्या गृहस्थांच्या हातात महागडं घड्याळ होतं.

आणि बोला. 'या, काय देऊ?' एवढं पुरतं. ज्याला कोणी बघितलंय तो सहसा काही उचलत नाही. गर्दीच्या दिवसांत एक माणूस फक्त उभा राहण्यासाठी ठेवा. त्याच्या हाती माल भरायचं काम देऊ नका, नाहीतर तो खाली वाकलेलाच राहतो.

कॅमेरा: बिघडतो कुठे

कॅमेरा लावणारा आला की भाव सांगतो, पण खारी हवा काय करते ते सांगत नाही. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरांत असाल तर बाहेरच्या कॅमेऱ्याच्या पिनांवर वर्ष-दीड वर्षात हिरवट थर चढतो, चित्र लाटेसारखं हलू लागतं, आणि एक दिवस जातं. जोड उघडे न ठेवता प्लास्टिकच्या बंद डबीत घ्या, वर टेप गुंडाळा आणि पावसाळ्याच्या आधी एकदा उघडून बघा. रात्री चालणाऱ्या कॅमेऱ्यासमोर कोळी जाळं करतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच उजेडात ते जाळं पांढरं होतं आणि मागचं काही दिसत नाही. आठवड्याला झाडू फिरवणं हीच त्याची सर्व्हिसिंग. वीज जाते तेव्हा रेकॉर्डर बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरवर घ्या.

रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हे बहुतेक मालकांना माहीत नसतं. हिशेब करून घ्या. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे दिवसाला १७० जीबी. १ टीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. नवीन पद्धतीचं कॉम्प्रेशन चालू करून निम्मा वेग केला तर दहा-अकरा दिवस मिळतात. म्हणून 'रविवारी बघू' म्हटलेली चोरी कधी कधी रविवारी नसतेच.

रेकॉर्डरचं घड्याळ दर सोमवारी मोबाइलशी ताडून बघा. आमचं एकदा सतरा मिनिटं मागे होतं. बिलावरची वेळ आणि चित्रातली वेळ जुळेना, आणि ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला. चुकलेलं असेल तर फरक किती होता ते अर्जातच लिहा.

फुटेज द्यायचं म्हणजे स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ देऊ नका. रेकॉर्डरमधूनच मूळ फाइल दोन पेन ड्राइव्हवर काढा, एक ठाण्यात, एक दुकानात. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असल्या पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहितात. ती म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. एक सेकंद जरी कापला तरी ठसा बदलतो. म्हणून चोराच्या तोंडाभोवती लाल गोल वगैरे काढत बसू नका.

त्या क्षणी

इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकले आहे.

कायद्याने बघितलं तर लबाडीच्या हेतूने वस्तू जागची हलवली की चोरी झाली. पण सेल्फ सर्व्हिसच्या दुकानात प्रत्येकजण वस्तू हलवतोच. काउंटरच्या आत अडवलंत तर 'बिल करणारच होतो' हे उत्तर तयार असतं, आणि ते खोटं ठरवणं तुमच्या हातात नसतं. काउंटर ओलांडून दाराकडे गेल्यावरच बोला. तुम्ही स्वतः उचलताना बघितलेलं हवं, आणि मध्ये नजर सुटलेली नको. मध्ये दोन मिनिटं तुम्ही फोन घेतला असाल तर सोडून द्या. त्याने ती वस्तू परत ठेवलेली असू शकते.

मी एकच वाक्य वापरते: "दादा, बिलात एक वस्तू राहिली वाटतं, बघूया?" आवाज खाली. दहातले सहा-सात जण 'अरे, विसरलोच' म्हणून वस्तू देतात किंवा पैसे देतात. त्यांना विसरू द्या. दुकानाला माल मिळाला, तुम्हाला शिव्या मिळाल्या नाहीत. चोपडीत मात्र लिहा: वेळ, वस्तू, वर्णन.

जो ऐकत नाही त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. पिशवी हिसकावायची नाही. झडती घ्यायचा अधिकार दुकानाला नाही, बाईची तर नाहीच, आणि बाईने घेतली तरी नाही. गोडाऊनमध्ये कोंडणं, खुर्चीला बसवून चार जणांनी घेरणं, कानाखाली देणं या सगळ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत: अटकाव १२६, कोंडून ठेवणं १२७, दुखापत ११५. आमच्या बाजारात एका दुकानातल्या पोराने दोनशे रुपयांच्या डिओसाठी एकाला थप्पड मारली. डिओची तक्रार झालीच नाही, थप्पडेची झाली.

'नागरिकाला अटक करता येते' असं कोणीतरी सांगतंच. येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आहे. पण गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर झालेला हवा, तो दखलपात्र (म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास आणि अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र हवा, आणि उगाच वेळ न घालवता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवा. पाच हजारांखालच्या चोरीत या अटींवरच वाद होतो, तो पुढे सांगते. माझा सल्ला: दार सोडा, माणूस जाऊ दे, गाडीचा नंबर लिहा. किनाऱ्यावरच्या गावातून बाहेर पडायला रस्ते दोन-तीनच असतात. ११२ ला फोन करून गाडी आणि दिशा सांगितली तर त्याचा उपयोग दारात झोंबाझोंबी करण्यापेक्षा जास्त. चाकू, बाटली दिसली तर फोनही नंतर.

पोलीस ठाण्यात

आता पाच हजारांचा घोळ. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. आणि पाच हजारांच्या आतली ही चोरी अदखलपात्र ठरवली आहे, जामीनपात्रही. म्हणजे ठाण्यात होते ती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. 'एनसी करून काय होतला?' असं हवालदार म्हणतो, तेव्हा तो सगळंच खोटं बोलत नसतो.

पण न्याय संहितेचं कलम ३०५ वाचा. माणसं राहत असलेल्या किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी त्यात येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड, गुन्हा दखलपात्र, आणि किमतीची अट नाही. जुन्या दंड संहितेचं कलम ३८० ते हेच. कलम कोणतं लावायचं हे पोलिसांनी ठरवायचं असतं. तुम्ही ठाण्यात जाऊन कलमं पढवू लागलात तर काम होत नाही, उलट अडतं. अर्ज मात्र असा लिहा की वस्तुस्थिती स्वतःच बोलेल: दुकान चार भिंतींत आहे, माल तिथे साठवून ठेवलेला होता, तो आतून नेला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. हे वाक्य पहिल्या भेटीत वापरू नका. तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा.

तोंडी सांगून घरी येऊ नका. अर्ज घरूनच लिहून न्या, दोन प्रतींत. माझा नमुना असा:

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक. विषय: दुकानातून माल चोरीस गेल्याबाबत. अर्जदार अमुक, वय, राहणार, नोकरी अमुक दुकानात काउंटर सहायक. दि. अमुक रोजी सायंकाळी ६ वा. १० मि. च्या सुमारास मी काउंटरवर हजर असताना, अंदाजे ४५ वर्षे वयाच्या, निळा शर्ट घातलेल्या एका पुरुषाने दुकानाच्या इमारतीत विक्रीसाठी साठवून ठेवलेल्या मालापैकी काजूगर ५०० ग्रॅमची ३ पाकिटे व तूप १ लिटरची १ बरणी, एकूण किंमत रु. २,३१०, मालकाच्या संमतीशिवाय व बिल न करता छत्रीत लपवून काउंटर ओलांडून दाराबाहेर नेताना मी व सहकारी अमुक यांनी प्रत्यक्ष पाहिले. वाहन क्रमांक अमुक. कॅमेरा क्र. २ चे चित्रीकरण उपलब्ध आहे. रेकॉर्डरचे घड्याळ ४ मिनिटे पुढे आहे. सोबत: मालाच्या खरेदी बिलाची प्रत, पेन ड्राइव्ह, मालकांचे अधिकारपत्र."

शेवटची ओळ विसरू नका. माल मालकाचा आहे, तुम्ही नोकर. मालक मुंबईत असले की ठाण्यात 'मालकांका घेवन या' म्हणून परत पाठवतात. दुकानाच्या लेटरहेडवर, 'चोरीबाबत तक्रार देण्यास व दुकानातर्फे जबाब देण्यास अमुक यांना अधिकार देत आहे' अशी दोन ओळींची सही घेऊन ती ड्रॉवरमध्ये कायम ठेवा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. याला पोच म्हणतात, आणि पुढचं सगळं या पोचेवर चालतं. एनसी झाली तर तिचा क्रमांक आणि प्रत घ्या. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळण्याचा तुमचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेला आहे. ठाणे अंमलदाराशी आवाज चढवू नका. रात्री अकराला तोच माणूस एकटा बसलेला असतो, समोर अपघाताचे नातेवाईक असतात, आणि आपली काजूची पाकिटं त्याला कशी दिसत असतील हे मला कळतं. कळतं म्हणून पोच सोडायची नाही.

अर्ज घेतलाच नाही तर

तोच अर्ज स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. आमच्या सिंधुदुर्गाचं कार्यालय ओरोसला, रत्नागिरीकरांचं रत्नागिरीत, रायगडचं अलिबागला. ही सोय कलम १७३(४) मध्येच आहे. तिथूनही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. दोन हजारांच्या मालासाठी तिथवर जाऊ नका, वकिलाची फी त्याहून जास्त होते. पण एकच टोळी तिसऱ्यांदा आली असेल तर जा, आणि बाजारातल्या इतर दुकानांना बरोबर घेऊन जा.

मधला मार्ग माहितीच्या अधिकाराचा. 'दि. अमुकच्या, आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढाच प्रश्न. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत तीस दिवस. माझ्या अनुभवात उत्तर येण्याआधी फोन येतो.

एफआयआर झालेला असेल तर तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि संशयिताला त्याच दिवशी सोडलं म्हणून हातपाय गाळू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक करायलाच हवी असं नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन बोलावता येतं. घरी गेलेल्या माणसावरही केस चालू असते.

केस झाली की काय ओढवतं

हे आधी कोणी सांगत नाही. पंचनामा होतो, माल मुद्देमाल म्हणून जमा होतो. तुपाची बरणी कपाटात राहते आणि तिच्यावरची तारीख उलटते. जमा होण्याआधी पाकिटांचे, लेबलांचे, बॅच क्रमांकांचे फोटो काढा आणि मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर (कोर्टाने मागितला की हजर करू, अशा हमीवर) परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करा. नाशवंत आहे हे त्यात ठळक लिहा. पुढे जबाब, आणि कधीतरी साक्षीचं समन्स. एक दिवसाचा पगार जातो की मालक देतात, हे आधी विचारून ठेवा.

म्हणून माझा नियम असा: माल परत मिळाला, माणूस पहिल्यांदाच दिसला, धमकी नाही, तर फक्त चोपडी. दुसऱ्यांदा दिसला, मालाची किंमत मोठी, दोघं-तिघं मिळून आले, किंवा अंगावर आले, तर अर्ज आणि पोच. गेल्या वर्षीच्या गृहस्थांवर मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, कारण चोपडीत मे महिन्याच्या पानावर 'निळी छत्री, उंच, घड्याळ' असं माझ्याच अक्षरात होतं. मे महिन्यात छत्री कशाला, हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

पोरं, म्हातारी माणसं आणि व्हॉट्सअॅप

शाळेतल्या पोराने चॉकलेट घेतलं तर आईला फोन. गावात कुणाचं पोर हे तीन मिनिटांत कळतं. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि त्याची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे बंदी आहे. फुटेजमधला फोटो बाजाराच्या ग्रुपवर टाकलात तर चॉकलेट वीस रुपयांचं आणि गुन्हा तुमच्यावर.

एक आजी आमच्याकडे दर महिन्याला चहाचं पाकीट ओटीत घालतात. त्यांच्या सुनेला माहीत आहे. ती महिन्याच्या शेवटी येऊन न विचारता पैसे देते, आम्ही न सांगता घेतो. याला कलम नाही.

मोठ्या माणसाचा फोटोही 'चोर' म्हणून फिरवू नका. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत तो चोर नाही, आणि बदनामीची केस करणाऱ्याला वकील लवकर मिळतो. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पद्धत कळवा: 'दोन बायका, एक किमती विचारते, दुसरी तुपाच्या फळीपाशी, पांढरी गाडी, दुपारी दोनच्या सुमारास.' एवढ्यावर पुढचं दुकान सावध होतं. फोटो आणि फुटेज फक्त पोलिसांना.

पगारातून कापलं तर

चोरीचा राग शेवटी उतरतो तो नोकरावर. गेल्या मे महिन्यात मालकांनी शॉर्टेज चौघांत वाटली आणि प्रत्येकाचे तेराशे रुपये कापले. न विचारता.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. जुन्या वेतन कायद्यातही नियम हाच होता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर तो माल तुमच्याच ताब्यात स्पष्टपणे दिलेला हवा, नुकसान थेट तुमच्या हलगर्जीने झालेलं हवं, आणि कापण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. खुल्या फळीवरचं तूप चौघांच्या ताब्यात दिलं असं म्हणता येत नाही. सगळी वजावट मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, ही वेगळी मर्यादा.

भांडू नका, लिहून द्या. मी एक पान लिहिलं: कोणत्या महिन्यात किती कापले, त्यातलं काय माझ्या ताब्यात होतं, मी कोणत्या तारखांना जादा माणूस मागितला, आणि सोबत सोमवारच्या चोपडीची झेरॉक्स. चोपडीत एप्रिलपासून 'तूप – घरी नेले – २' अशा नोंदीही होत्या, त्या मी खोडल्या नव्हत्या. मालकांनी पत्र काउंटरशी उभ्यानेच वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि माल उतरवायला मागे गेले. पुढच्या पगाराच्या पाकिटात तेराशे रुपये जास्त निघाले, वर पेन्सिलीने 'फरक' एवढंच लिहिलेलं.